नाकाबंदीवरून पळालेल्या बहाद्दरास

बहाद्दरा,

तुझं नाव मला माहीत नाही. थांबला असतास तर निदान चलानावर तरी ते उमटलं असतं. आता तू नुसता ‘अज्ञात दुचाकीस्वार’. पोलिसांच्या दफ्तरात या नावाखाली जी माणसं नोंदलेली असतात ती कुणाला तरी उडवून पसार झालेली असतात, नाहीतर सकाळी फिरायला निघालेल्या एखाद्या आजीच्या गळ्यातली साखळी ओढून. तू यातलं काहीच केलं नव्हतंस. तुझ्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, कदाचित खिशात परवाना नव्हता. तेवढ्यासाठी तू आपण होऊन त्या पंगतीला जाऊन बसलास.

‘मामाला कसला चकवला’ ही गोष्ट एव्हाना कट्ट्यावर बऱ्याचदा सांगून झाली असेल. प्रत्येक वेळी तुझा वेग थोडा वाढत असेल, आणि मामांची संख्याही. त्या गोष्टीत ज्यांचा उल्लेख येत नाही त्यांच्याबद्दल हे पत्र आहे. मी तुझ्या आईच्या वयाची आहे, तेव्हा स्पष्ट बोलते.

आधी तुझ्या फायद्याचा हिशेब करू, तो लवकर संपतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. हेल्मेट नसेल तर त्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित, अशी तरतूद आहे. परवानाच नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपये. परवाना आणि आरसी घरी राहिली असेल तर मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर दाखवलेली चालते. प्यायला असतास, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं असतं, तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. थांबल्यावर तुझं जास्तीत जास्त वाईट काय झालं असतं ते हे. खिसा हलका झाला असता, घरी बोलणी बसली असती, प्यायला असतास तर कोर्टाची पायरी चढावी लागली असती. यातल्या कशातही कुणाचं हाड मोडत नाही.

आता बाकीच्यांचा हिशेब. शनिवारची रात्र होती आणि मी कर्वे रस्त्याच्या पदपथावर रिक्षाची वाट बघत उभी होते. पोलिसांनी बॅरिकेड लावून रस्ता नागमोडी केला होता. एक शिपाई लाल दिव्याची कांडी हलवत गाड्यांचा वेग उतरवत होता. तू बऱ्याच अलीकडे ब्रेक मारलास, मागे बसलेल्या मित्राकडे मान वळवून काहीतरी बोललास, आणि गाडी गर्रकन फिरवून समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर घातलीस. पहिल्या रिक्षावाल्याने रिक्षा कशीबशी बाजूला काढली. तिला चुकवताना तू पदपथाच्या कडेला आलास. तिथे अंडाभुर्जीच्या गाडीमागे एक पोरगा बश्या विसळत बसला होता. तुला चुकवायला त्याने मागे उडी घेतली ती थेट फरशीच्या कडेवर. बादली कलंडली, बश्या फुटल्या, कोपर सोलवटून रक्त यायला लागलं. तू आरशातही पाहिलं नाहीस.

त्या पोराचा तुझ्या हेल्मेटशी काय संबंध होता? तुझ्या परवान्याशी? तुला चुकवायच्या असलेल्या दंडाचा पहिला हप्ता त्याने भरला, आणि त्या रात्री फुटलेल्या बश्या त्याच्याच मजुरीतून कापल्या गेल्या असतील तर दुसराही. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच. पळणाऱ्याचा दंड माफ होत नाही. तो रस्त्यावरच्या भलत्याच माणसाकडून वसूल होतो, आणि पैशांऐवजी शरीरातून होतो.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असणं शक्य नाही, कारण तू पळत होतास. तुझ्या मागे कुणीही आलं नाही. एक तरुण शिपाई मोटारसायकलकडे धावला होता, पण तिथल्या फौजदाराने त्याचा दंड धरून त्याला थांबवलं आणि वॉकीटॉकीवर तुझ्या गाडीचा नंबर पुढच्या चौकाला कळवला. बस्स. ज्यांना चकवल्याच्या फुशारक्या तू मारतोस ते होते तिथेच उभे होते. गर्दीच्या रस्त्यावर पाठलाग केला तर पळणारा आणखी बिथरतो आणि एकाच्या ऐवजी दोन गाड्या माणसांच्या अंगावर जातात, हे त्या माणसाला कळत होतं. तुझ्या जिवाची, तुझ्या मित्राच्या जिवाची आणि त्या भुर्जीच्या गाडीभोवती उभ्या असलेल्या लोकांची काळजी त्या क्षणी एकट्या त्यानेच केली. तू ज्याला शत्रू समजून पळालास त्याने.

मित्राबद्दलही बोलू या. तू वळलास तेव्हा त्याला विचारलंस का? मागे बसणाऱ्याच्या हातात ना हँडल असतं ना ब्रेक. गाडी आडवी झाली की तो चेंडूसारखा उडतो, आणि तुझ्याप्रमाणेच त्याचंही डोकं उघडं होतं. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. देशभरच्या त्या मृतांमध्ये शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. हे आकडे सरकारचे आहेत आणि दरवर्षी छापले जातात. त्यात मागे बसून मेलेल्यांच्या आयांना नंतर काय सांगितलं जातं ते मात्र छापलं जात नाही. ‘काकू, पोलीस मागे लागले होते’ हे वाक्य तू त्याच्या आईसमोर उभा राहून म्हणू शकला असतास का? तेही खोटं असताना?

पळणाऱ्या माणसाचं लक्ष पुढे नसतं, मागे असतं. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. कुणी येतंय का हे बघायला तू एक सेकंद मान वळवलीस की २२ मीटर रस्ता तू आंधळेपणाने पार केलास. एसटीची पूर्ण लांबीची एक बस साधारण ११-१२ मीटर असते. म्हणजे जवळजवळ दोन बसगाड्यांइतकं अंतर, आणि तेवढ्या अंतरात झेब्रा क्रॉसिंग येतं, गाय येते, औषधाच्या दुकानातून घाईने निघालेला म्हातारा येतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. हे पदार्थविज्ञान आहे, त्याला तुझ्या हिमतीचं कौतुक नाही. आणि तू तर उलट्या दिशेने निघाला होतास. तू ६० ने आणि समोरचा ४० ने, म्हणजे तुम्हा दोघांमधलं अंतर ताशी १०० च्या वेगाने संपत होतं. समोरचा ४० नेच चालला होता, कारण त्याच्या बाजूचा सिग्नल हिरवा होता आणि आपल्या वाट्याच्या रस्त्यावर समोरून कुणी येणार नाही असं त्याने धरलं होतं. या शहरात आपण सगळे रोज असंच काहीतरी धरून घराबाहेर पडतो. तो भरवसा तू मोडलास.

तू म्हणशील, नाकाबंदी हवीच कशाला, चिरीमिरीसाठीच ना? तर ऐक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलिसांची नाकाबंदी होती. बॅरिकेड, काठ्या, मोजकी शस्त्रं. दहशतवाद्यांनी चोरलेली एक स्कोडा त्या नाकाबंदीसमोर आली आणि अलीकडेच थांबली. चालकाने गाडी वळवून पळायचा प्रयत्न केला, ती दुभाजकावर चढून अडकली. पुढे काय झालं ते महाराष्ट्रातलं शेंबडं पोर सांगेल. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेले सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्या गाडीतल्या कसाबच्या हातातल्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या, पण पकड सुटली नाही आणि तो जिवंत सापडला. पुढच्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं. त्या रात्री शहराच्या आणि आणखी किती प्रेतांच्या मध्ये जे उभं होतं ते नाकाबंदीचं लोखंडी बॅरिकेड आणि त्यामागची माणसं.

आता त्या शिपायाच्या जागी उभा राहून स्वतःकडे बघ. नाकाबंदी दिसली की अलीकडेच थांबून गाडी वळवणारा माणूस त्याच्यासाठी कोण असतो? तू विनाहेल्मेटवाला, की साखळीचोर, की गावठी कट्टा घेऊन निघालेला, की पळवलेलं मूल घेऊन जाणारा, हे त्याला तुझ्या पाठीवरून कसं कळावं? तुझा नंबर कळवण्यात, पुढच्या चौकातली माणसं तुझ्यासाठी सावध करण्यात जी मिनिटं गेली, त्या मिनिटांत त्याच रस्त्यावरून कोण न तपासता निघून गेलं, हे तुला कधी कळणार नाही. त्यांनाही नाही. पण एखाद्या घराला कळू शकतं.

आणि ही माणसं कशासाठी जीव धोक्यात घालतात? २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट गाडी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला थांबवलं, कागदपत्रं मागितली. त्यावरून त्यांच्या डोक्यात घाव बसला आणि काही दिवसांनी ते गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत एका वाहतूक पोलिसाने मोटार थांबवायचा प्रयत्न केला, तर चालकाने त्याला बॉनेटवर घेऊन गाडी कित्येक किलोमीटर पळवली. तो पोलीस बॉनेटला चिकटून राहिला म्हणून वाचला, आणि चालकावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला. ‘मी तर कुणाला धक्काही लावला नाही’ असं तू म्हणशील. लावला नाहीस कारण तुझ्या वाटेत त्या रात्री कुणी पोलीस आडवा आला नाही. तुझ्यात आणि त्या मोटारीवाल्यात फरक राहिला तो तुझ्या चांगुलपणामुळे राहिला नाही.

पोलिसांची भाटगिरी मला करायची नाही. झाडाआड लपून धावत्या दुचाकीसमोर एकदम उडी घेणारे शिपाई मी पाहिले आहेत, आणि तेही तितकंच घातक आहे. अशा उडीने चालक पडतो, कधी शिपाईच चाकाखाली येतो. गाडीची किल्ली हिसकावणं, अरेरावी, ‘साहेबांना भेट’ म्हणून बाजूला घेणं, हे सगळं चालतं आणि ते बंद व्हायलाच हवं. पोलिसाला बघून ज्याच्या पोटात गोळा येतो असा माणूसही मला समजतो. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण आजही गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालावर जाते. तिथला एखादा पोरगा खाकी बघून रानात पळाला तर त्याला उपदेश करायची माझी छाती होणार नाही. आधी त्या खाकीला जाब विचारला पाहिजे. पण तू त्या पालावरचा नाहीस. तुझी गाडी लाखाच्या वरची होती. नंबरप्लेटवर ४१४१ चं ‘दादा’ करून घ्यायला तुझ्याकडे पैसे होते, हेल्मेटला नव्हते. दुसऱ्यांच्या खऱ्या भीतीच्या आडोशाला तू लपू नकोस.

आणि ज्या नंबरप्लेटवर तू एवढा खर्च केलास तिच्याच जोरावर तू सापडशील. चौकाचौकांत कॅमेरे आहेत. गाडी बहुतेक वडिलांच्या नावावर असेल, तर चलानाचा संदेश त्यांच्या मोबाइलवर जाईल. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे मुलाचं नाव पोलिसांना द्यायची पाळी तू बापावर आणलीस. आणि आता तो विषय १,००० रुपयांचा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे गाडी चालवून माणसाचा जीव धोक्यात घालण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अडवणाऱ्या पोलिसावर बळाचा वापर केलास तर दोन वर्षांपर्यंत. त्याला दुखापत झाली तर पाच. निष्काळजीपणाने कुणी मेलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि जीव जाऊ शकतो हे माहीत असूनही तू ते केलंस असं कोर्टाला वाटलं तर सदोष मनुष्यवध. उलट्या दिशेने भरधाव गेलो पण कुणी मरेल असं वाटलं नव्हतं, हे कोणत्या न्यायाधीशाला पटवणार आहेस?

परवान्याशिवाय चालवताना कुणाला जखमी केलंस तर नुकसानभरपाईचा दावा अपघात न्यायाधिकरणापुढे उभा राहतो. विमा कंपनीला जखमीला पैसे द्यायला सांगितलं जातं आणि मग तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला मिळते. तुझ्या वडिलांची भविष्यनिर्वाह निधीतली शिल्लक किती आहे ते एकदा विचारून घे. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला लागेल, पासपोर्टसाठी पोलीस ठाण्यातून चौकशी होईल, तेव्हा नोंदवलेला गुन्हा तिथे असेल. हेल्मेटच्या चलानाने यातलं काही होत नाही. लोक चलानं लोकअदालतीत तडजोडीने मिटवून टाकतात आणि विसरून जातात.

तुझ्या मित्रांमध्ये एक कायदेपंडितही असेल. शिपायाला गाडी थांबवायचा अधिकारच नाही, फौजदार लागतो, असं त्याने मोबाइलवर कुठंतरी वाचलेलं असतं. त्याला सांग, त्या नाकाबंदीवर फौजदार होता, गणवेशात होता, आणि तुला मघाशी सांगितलं तसं तुझा जीव त्यानेच वाचवला. अधिकाराचा वाद घालायचाच असेल तर तो थांबून घालावा. रस्त्याच्या कडेला, इंजिन बंद करून, लेखी. जिंकलास तर दंड रद्द होईल. पळून जाऊन आजवर कुणाचं चलान रद्द झालेलं नाही.

आता काय करायचं ते सांगते. जवळच्या वाहतूक शाखेत स्वतःच्या पायांनी जा, एकटा, कुणा नगरसेवकाचा फोन न लावता, आणि गाडी मी चालवत होतो असं सांग. वडिलांना ते पोलिसांकडून कळायच्या आधी तुझ्याकडून कळू दे. हेल्मेट दोन घे, आयएसआय खूण बघून, मागे बसणाऱ्यालाही. पुढच्या वेळी नाकाबंदी दिसली की वेग उतरव, डावीकडे घे, गाडी बंद कर, हात दिसतील असे ठेव, मोबाइलवर परवाना उघडून दाखव. दंड असेल तर ई-चलान मागून घे. कुणी चलान न करता पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक तोंडपाठ असू दे. कुणी हात उगारला, शिवी दिली तर छातीवरची नावाची पट्टी वाच, वेळ आणि चौक लिहून ठेव, आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार कर. तिथे दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. त्या तक्रारीवर साक्षीदार हवा असेल तर सही करायला मी येईन.